नाव सर्वात शेवटी: अंगावरच्या पुरळाची वैद्यकीय भाषेत वर्गवारी कशी करायची

"अंगावर उठलंय." पेशंट हडपसरचा असो की सदाशिव पेठेतला, सुरुवात याच वाक्याने होते. पुढचं वाक्य बहुतेक वेळा नावाचं असतं: नायटा आहे, पित्त आहे, इसब आहे, शेजारच्या काकू म्हणाल्या गजकर्ण आहे. मी काही वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या त्वचा विभागात परिचारिका होते, आता मेडिकल कोडिंग शिकवते, म्हणजे केसपेपरवरच्या निदानाला ठरलेल्या यादीतला कोड लावण्याचं काम. दोन्हीकडे एकच दुखणं पाहिलं. नाव आधी चिकटतं आणि मग सगळे त्या नावाच्या चष्म्यातून बघतात.

माझ्याकडे येणारी मुलं नर्सिंग किंवा फार्मसी झालेली, शाळा बहुतेकांची मराठी माध्यमातली. केसपेपरवर "ॲन्युलर, एरिथेमॅटस, स्केली प्लाक" असं लिहिलेलं दिसलं की त्यांचा चेहरा पडतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती चार शब्दांची ओळ म्हणजे "कड्यासारखा, लालसर, कोंडा सुटणारा, हाताला जाड लागणारा चट्टा". या ओळीत रोगाचं नाव कुठेच नाही. ती लिहिणाऱ्याने आपलं काम चोख केलंय. खाली दिलेल्या पायऱ्या त्या ओळीपर्यंत आणि तिथून नावापर्यंत नेणाऱ्या आहेत. औषध कोणतं घ्यायचं ते यात सापडणार नाही.

आधी हे बघा, मग वर्गवारी

काही पुरळ असं असतं की त्याचं वर्णन लिहीत बसायचं नसतं, पेशंटला थेट आपत्कालीन विभागात न्यायचं असतं. ताप आणि अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके. ओठ-जीभ सुजून श्वास लागणं. तोंड, डोळे किंवा जननेंद्रियं आतून सोलवटणं. कातडी खाजण्याऐवजी दुखणं, बोटाने घासली तर पापुद्र्यासारखी सुटणं. जवळजवळ सगळं अंग लाल होणं.

यातल्या सोलवटण्याच्या प्रकारात गेल्या चार-सहा आठवड्यांत नवीन औषध सुरू झालंय का, हे विचारायचंच. फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, गाउटसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं ही यातली नेहमीची नावं. सुटलेली कातडी शरीराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, ३० टक्क्यांहून जास्त असेल तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, आणि मधला पट्टा दोन्हींच्या सरमिसळीचा. टक्के मोजायला पेशंटचाच तळहात वापरतात. बोटांसकट एक तळहात म्हणजे साधारण १ टक्का.

पायरी १: हात फिरवा

डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवा. काही लागलं का? वर्गवारीतला पहिला फाटा हाच, आणि विद्यार्थी सर्वात जास्त चुकतात तोही इथेच. कारण मराठीत आपण दोन्हीला "चट्टा" म्हणतो.

बोटाला काहीच लागलं नाही, फक्त रंग बदललाय, तर तो मॅक्यूल. १ सेंटिमीटरहून मोठा असेल तर पॅच. कोडाचा पांढरा डाग पॅच आहे, वांगही पॅच. बोटाला उंचवटा लागला, आत पाणी नाही, आकार १ सेंटिमीटरच्या आत, तर पॅप्यूल. उंचवटा पसरट आणि त्याहून मोठा, तर प्लाक. उंचवट्यापेक्षा खोली जास्त, गोटीसारखं काही कातडीत रुतलेलं, तर नोड्यूल, म्हणजे गाठ. काही पुस्तकं ही सीमा अर्ध्या सेंटिमीटरवर घालतात. तुमच्या विभागात जे पुस्तक चालतं ते धरा आणि खिशात सहा इंची पट्टी ठेवा. "वाटाण्याएवढं", "रुपयाएवढं" हे शब्द केसपेपरवर नकोत. वाटाणे सारखे नसतात आणि रुपयाचं नाणं किती वेळा बदललं ते मोजून बघा.

आत द्रव असेल तर निवळ पाण्याची लहान फोडी म्हणजे व्हेसिकल, मोठा फोड म्हणजे बुला, पू भरलेली पुळी म्हणजे पस्च्यूल. आणि गांध, जी उठते, खाजते, विरते आणि दुसरीकडे उगवते, ती व्हील. अंगावर पित्त उठणं ते हेच.

पायरी २: मूळचं की नंतरचं

आतापर्यंतची यादी मूळ खुणांची. त्यावर पेशंटची नखं, घरगुती उपाय आणि काळ यांचा हात फिरतो आणि दुय्यम खुणा तयार होतात. सुटा कोंडा म्हणजे स्केल. फोड फुटून वाळलेला द्रव म्हणजे क्रस्ट, आपली खपली. मधाच्या रंगाची खपली दिसली की इम्पेटिगोकडे, म्हणजे कातडीच्या जंतुसंसर्गाकडे लक्ष जातं, विशेषतः लहान मुलाच्या नाकातोंडाभोवती. वरवरचं सोलवटणं इरोझन, खोलवरचा व्रण अल्सर, नखांचे ओरखडे एक्सकोरिएशन, भेग म्हणजे फिशर. महिनोन्‌महिने खाजवून कातडी जाड होते, तिच्यावरच्या रेषा ठळक होतात, ते लायकेनिफिकेशन.

पेशंट येतो तेव्हा मूळ खूण बऱ्याचदा हरवलेली असते. बिब्बा लावलेला असतो, लसूण चोळलेला असतो, चुना, हळद, नखांची नेलपॉलिशसुद्धा. बिब्ब्याने तर स्वतःचाच दाह उठतो आणि मूळ दुखणं राहतं बाजूला. म्हणून सगळ्यात ताजा, कालपरवा उठलेला, हात न लागलेला चट्टा शोधायचा. तो बहुधा पाठीवर सापडतो, जिथे हात पोचत नाही.

पायरी ३: रंग, आणि आपली कातडी

पुस्तकात "लाल" लिहिलेलं असतं कारण पुस्तकातली कातडी गोरी असते. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तोच एरिथेमा जांभळट, तपकिरी, कधी करडा दिसतो. सोरायसिसचा चट्टा लाल असायला हवा म्हणून तो नाकारणारे विद्यार्थी मी दर बॅचला पाहते. उजेडात बघा, शेजारच्या निरोगी कातडीशी तुलना करा, हाताला ऊब लागते का ते बघा.

मग काचेची चाचणी. पारदर्शक काचेचा ग्लास चट्ट्यावर दाबा. रंग नाहीसा झाला तर रक्त अजून वाहिन्यांतच आहे. तसाच राहिला तर ते वाहिन्यांबाहेर झिरपलंय. बारीक ठिपके असतील तर पेटेकिया, मोठे डाग असतील तर परप्युरा. या एका चाचणीने अर्धा गोंधळ मिटतो.

पांढुरका डाग असेल तर एक चाचणी चुकवायची नाही. कापसाची वात करून टोकाने हलकेच स्पर्श करा, पेशंटचे डोळे मिटलेले असू द्या. संवेदना नसेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यायची. पाचपर्यंत चट्टे म्हणजे पॉसिबॅसिलरी (कमी जंतूंचा), त्याहून जास्त म्हणजे मल्टिबॅसिलरी (जास्त जंतूंचा). औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत आहे. हे सांगताना आवाज खाली आणायची गरज नाही.

पायरी ४: मांडणी

खुणा एकमेकींशी कशा बसल्यात? कडं करून असतील तर ॲन्युलर, नाण्यासारख्या भरीव गोल तर न्यूम्युलर, एका ओळीत तर लिनिअर, घोळक्याने तर हर्पेटिफॉर्म, नेमबाजीच्या चकतीसारख्या वर्तुळात वर्तुळ तर टार्गेटॉइड.

कडं म्हटलं की सगळे गजकर्ण म्हणतात. गजकर्णाच्या कड्याची कडा "जिवंत" असते. तिथे कोंडा, बारीक पुटकुळ्या, खाज असते, मधला भाग निवळत जातो. अलीकडे मात्र असं सुबक कडं क्वचित दिसतं, कारण पेशंट मेडिकलमधून स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं अशी औषधं एकत्र असलेलं मलम लावून आलेला असतो. स्टेरॉइडने खाज थांबते, कडा पुसट होते, बुरशी निवांत पसरते. याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण. "काय लावलं होतं?" हा प्रश्न म्हणूनच वर्णनाचाच भाग आहे. ट्यूब आणायला सांगा, नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. खात्रीसाठी कडेचा कोंडा खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशीचे धागे दिसतात.

ओळीचं एक पुणेरी उदाहरण. पावसाळा सरता सरता सकाळी उठून बघावं तर मानेवर भाजल्यासारखा पट्टा, मधे पिवळट पुळ्या. लोक त्याला नागीण समजतात. बहुधा रात्री दिव्याकडे आलेला पिडेरस नावाचा किडा मानेवर चिरडलेला असतो. किडा चावत नाही. त्याच्या अंगातलं रसायन कातडी जाळतं. कोपराच्या घडीत चिरडला तर दोन्ही बाजूंना समोरासमोर ठसा उमटतो.

पायरी ५: जागा

मला विचाराल तर सगळ्यात बोलकी पायरी ही. अंगाचा नकाशा काढा, पुढून आणि मागून, आणि पेन्सिलीने भरा.

कोपर-गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि डोक्यात रुपेरी कोंड्याचे जाड चट्टे: सोरायसिस. त्याच सांध्यांच्या आतल्या घड्यांत: ॲटोपिक इसब. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुटकुळ्या, रात्री वाढणारी खाज, घरातल्या आणखी दोघांना तेच: खरूज. मोठ्यांच्या चेहऱ्यावर खरूज सहसा जात नाही, तान्ह्या बाळाच्या तळव्यांवर आणि चेहऱ्यावर मात्र जाते. शरीराच्या एकाच बाजूला, मध्यरेषेपाशी थांबणारा, आधी दोन-तीन दिवस दुखून मग फोडांचा घोळका: नागीण. ती कमरेला पूर्ण वेढा घालून तोंड-शेपूट जुळली तर माणूस मरतो, ही समजूत अजून आहे. एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच ती राहते, म्हणून वेढा पूर्ण होतच नाही.

वस्तूचा आकार उमटलेला असेल तर संपर्काचा दाह. कपाळाच्या मधोमध टिकलीएवढं वर्तुळ म्हणजे टिकलीच्या डिंकातलं रसायन. पोटावर जीन्सच्या बटणाएवढं म्हणजे निकेल. केसांच्या कडेने, कानामागे म्हणजे केसांचा रंग.

आता एक काका. धायरीकडचे, साठी ओलांडलेले, रोज पहाटे कालव्याच्या कडेने फिरणारे. चेहरा, मान, कोपरांच्या घड्या जाड आणि काळपट झालेल्या, सहा वर्षं. उघड्या भागावर आहे म्हणून त्यांना उन्हाची ॲलर्जी सांगितलेली होती आणि ते टोपी घालून फिरत होते. नकाशा भरताना दोन गोष्टी खटकल्या. वरच्या पापण्या आणि हनुवटीखालचा भागही जाड होता. ऊन तिथे पोचत नाही, कानामागेही सहसा नाही. हवेतून येऊन बसणारी धूळ मात्र तिथे साचते आणि घामाबरोबर घड्यांत उतरते. उन्हाचा दाह सावलीतला भाग सोडतो, हवेतला सोडत नाही. कालव्याकाठी पावसानंतर गाजर गवत छातीएवढं वाढतं. हे गवत आपल्या देशात १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं आणि अमेरिकी गव्हाबरोबर आलं असं सर्रास सांगतात. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी होते. काकांकडे पुन्हा येऊ.

पायरी ६: घड्याळ आणि कॅलेंडर

एका गांधीभोवती पेनने गोल काढा आणि उद्या बघा. गांध २४ तासांत निघून गेली तर अर्टिकेरिया, म्हणजे अंगावरचं पित्त. त्याच जागी दोन-तीन दिवस राहिली, जाताना डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा विचार करायचा. उठण्याचा क्रम सहा आठवड्यांच्या आत संपला तर तीव्र, पुढे गेला तर दीर्घकालीन.

तापाच्या पुरळात क्रम विचारा. गोवर कानामागे आणि चेहऱ्यावर सुरू होऊन खाली उतरतो, आधी खोकला, लाल डोळे, ताप. कांजिण्यांत एकाच वेळी पुटकुळ्या, फोड आणि खपल्या असं सगळ्या वयाचं पीक दिसतं आणि ते छाती-पाठीवर दाट असतं. देवीत सगळे फोड एकाच वयाचे आणि हातापायांवर जास्त असायचे, पण ती ओळखायची वेळ आता कुणावर येत नाही. तिचं निर्मूलन १९८० मध्ये जाहीर झालं.

डासांच्या दिवसांत पुण्यात अडचण वाढते. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि २०२४ च्या पावसाळ्यात शहरात सापडलेला झिका, तिन्हींत मॅक्यूल-पॅप्यूल मिसळलेलं पुरळ येतं. डेंग्यूत लाल पसाऱ्यात मधे मधे मोकळी कातडी राहते, चिकुनगुन्यानंतर नाकावर काळपटपणा उरतो. खुणा आहेत, पण त्यांच्या जोरावर नाव लिहायचं नाही. ते रक्ततपासणीचं काम.

पायरी ७: शब्द फोडा

आता नावं. लॅटिन-ग्रीक पाठ करू नका, फोडून बघा. घरातल्याच वस्तू निघतात. पिटिरियासिस म्हणजे कोंडा, धान्याचा. पिटिरियासिस रोझिया हा गुलाबी कोंडा, आधी एक मोठा चट्टा आणि मग पाठीवर लहान चट्ट्यांची पिल्लावळ. पिटिरियासिस व्हर्सिकलर हा रंग बदलणारा कोंडा, आपली शिबं. मिलिआरिया म्हणजे बाजरी-राळ्यासारखे दाणे, अर्थात घामोळं. लायकेन म्हणजे दगडफूल, गोड्या मसाल्यातलं. लायकेन प्लॅनस हे सपाट दगडफूल, जांभळट, चपटे, कोनदार खाजरे उंचवटे. गटेट म्हणजे थेंबाथेंबांचं. एक्झिमा म्हणजे उकळून उतू जाणं, ओलं इसब पाहिलेल्या माणसाला हे पटेल. हर्पिस म्हणजे सरपटणं, आणि आपण त्याच कुळातल्या रोगाला नागीण म्हणतो. कुणी कुणाचं ऐकून हे ठेवलं नसावं, डोळ्यांना तेच दिसलं.

दिसतं तसं वर्गीकरण करायची ही रीत जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी त्वचारोग आठ गटांत बसवले: पुटकुळ्या, कोंडा, लाली, फोड, पुळ्या असे. पुढे १८४५ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी कातडीच्या आत काय बिघडलंय यावर गट पाडले. आपण आजही आधी विलनसारखं बघतो आणि नंतर हेब्रासारखं विचार करतो.

पायरी ८: कुळ, मग कोड

वर्णन तयार झालं की कुळ ठरवा. उंचवटा आणि कोंडा असेल तर पॅप्युलोस्क्वेमस: सोरायसिस, लायकेन प्लॅनस, पिटिरियासिस रोझिया. खाज, ओल किंवा जाडी आणि पुसट कडा असेल तर इसबाचं कुळ. फोड असतील तर व्हेसिक्युलोबुलस. गांधी, परप्युरा, पुळ्या, रंगातले बदल ही आणखी कुळं. बुरशी कोंड्याच्या कुळात दिसायला बसते पण जाते संसर्गात, हे लक्षात ठेवा.

आयसीडी-१० म्हणजे रोगांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीची दहावी आवृत्ती. तिच्यात त्वचेचं प्रकरण एल अक्षराचं. एल १० ते १४ फोडांचे रोग, एल २० ते ३० इसब आणि डर्माटायटिस, एल ४० ते ४५ पॅप्युलोस्क्वेमस, एल ५० पासून अर्टिकेरिया आणि एरिथेमा. पण कातडीवर दिसतं ते सगळं एलमध्ये नसतं. खरूज बी ८६, कांजिण्या बी ०१, नागीण बी ०२, गोवर बी ०५, कुष्ठरोग ए ३०. गजकर्ण बी ३५ आणि त्यात जागेप्रमाणे पुढचा आकडा: डोकं ०, नखं १, पाय ३, अंग ४, जांघ ६. पायरी ५ चा नकाशा नसेल तर हा आकडा कुठून आणणार? औषधाने अंगभर पुरळ असेल तर एल २७.०, सोबत औषध सांगणारा टी ३६ ते टी ५० मधला कोड. जागतिक पातळीवर आयसीडी-११ हे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालंय, पण हिंजवडीतल्या कोडिंग कंपन्यांत ज्या अमेरिकी रुग्णांच्या फायली येतात त्या अजून दहाव्याच आवृत्तीवर चालतात.

आणि आर २१. नुसतं "पुरळ", निदान नाही. बाह्यरुग्णाच्या फायलीत डॉक्टरांनी "सोरायसिस असावा" लिहिलं असेल तर अमेरिकी नियमांनुसार सोरायसिसचा कोड लावता येत नाही, लक्षणाचाच लावायचा. विद्यार्थ्यांना आर २१ लिहायची लाज वाटते. लाज चुकीच्या नावाची वाटली पाहिजे.

तर काका. त्यांची ओळ अशी झाली: "चेहरा, दोन्ही पापण्या, मान, हनुवटीखाली व कोपरांच्या घड्यांत दोन्ही बाजूंना सारखे, पुसट कडांचे, काळपट, लायकेनिफाइड प्लाक, सहा वर्षं, पावसाळ्यात वाढ, मुंबईला मुलाकडे राहिल्यावर उतार." कुळ इसबाचं, कारण संपर्काचं, वस्तू ठरलेली नाही, म्हणून त्या दिवशी एल २५.९. मग पाठीवर पॅच टेस्ट लावली, म्हणजे संशयित पदार्थ पट्ट्यांनी चिकटवले, ४८ तासांनी पट्ट्या काढल्या, ९६ तासांनी पुन्हा पाहिलं. गाजर गवताच्या जागी कातडी लाल, उंच आणि पुटकुळ्यांची. कोड बदलला: एल २३.७, वनस्पतीमुळे ॲलर्जिक संपर्कदाह. काका आता सोसायटीच्या गच्चीवर फेऱ्या मारतात. तिथल्या कुंडीत गाजर गवताचं रोप उगवलं तेव्हा ते उपटायला हातमोजे देऊन जावयाला पाठवलं.